निराश्रितांचे बापू : जामसाहेब दिग्विजयसिंहजी

अन्न, वस्त्र आणि निवारा या मनुष्याच्या तीन मुख्य गरजा होत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. यांपैकी पहिल्या दोन गरजा भागविणारे दाते जगात पुष्कळ आढळतात. दारी आलेल्या भुकेल्यास भाकरी देण्यास सहसा कोणी नाही म्हणत नाही. थंडीने कुडकुडणाऱ्यास जुने पांघरूण द्यावयासही मन फारसे मोठे लागत नाही. परंतु परक्या मनुष्यास राहावयास जागा देण्याची वेळ आली, की भल्याभल्यांचे पाऊल अडखळते. भाकरी एका वेळेची असते. जागा मात्र किती दिवसांसाठी द्यावयाची, हे देणाऱ्यासही ठाऊक नसते आणि मागणाऱ्यासही सांगता येत नाही. म्हणूनच आपला देश सोडून परागंदा झालेल्या लोकांस अन्न मिळण्यापेक्षा घर मिळणे नेहमीच अवघड गेले आहे.

आपल्या नरोलीकरांना या प्रश्नाची आठवण करून देणारे एक स्थळ अगदी हाकेच्या अंतरावर आहे. नरोलीहून भिलाडच्या रेल्वे स्थानकावर जावे आणि तेथून मुंबईच्या दिशेने गाडीत बसावे, म्हणजे थोड्याच वेळात संजाण लागते. इराणातून आपला धर्म वाचवून निघालेले पारशी लोक शेकडो वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर उतरले आणि तेथील जादी राणा या राजाने त्यांस वस्तीसाठी भूमी दिली, अशी त्या समाजाची परंपरागत कथा आहे. त्या घटनेच्या स्मरणार्थ इ. स. १९२० मध्ये उभारलेला स्तंभ संजाण येथे आजही पाहावयास मिळतो. जादी राणाने पारशांना काय दिले, याचा विचार केला तर उत्तर एकच येते. त्याने त्यांस केवळ दोन दिवसांचे जेवण दिले नाही, तर पाय रोवून उभे राहावयास जमीन दिली.

जादी राणाची कथा जुनी आहे आणि तिच्यात दंतकथेचा भागही असेल. परंतु त्याच परंपरेला शोभेल असे एक उदाहरण विसाव्या शतकात, आपल्या शेजारच्या सौराष्ट्रात घडले. नवानगर संस्थानचे अधिपती जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत पोलंड देशाच्या सुमारे एक हजार मुलांना आपल्या राज्यात आश्रय दिला. त्यांचेच हे अल्पचरित्र आहे.

दिग्विजयसिंहजींचा जन्म १८ सप्टेंबर १८९५ रोजी काठेवाडातील सडोदर येथे जाडेजा राजकुळात झाला. ज्यांच्या नावाने रणजी करंडकाचे सामने खेळले जातात, ते सुप्रसिद्ध क्रिकेटपटू महाराज रणजितसिंहजी हे त्यांचे चुलते होत. रणजितसिंहजींना संतान नसल्याने त्यांनी या पुतण्यास आपला वारस केले. दिग्विजयसिंहजींचे आरंभीचे शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि पुढील शिक्षण इंग्लंडमध्ये, प्रथम मालव्हर्न येथील विद्यालयात व नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात झाले. शिक्षण संपल्यावर इ. स. १९१९ मध्ये त्यांनी सैन्यात अधिकारपद स्वीकारले व सुमारे बारा वर्षे लष्करी सेवा केली. शिबिर कसे उभारावे, शेकडो लोकांच्या भोजनाची, पाण्याची व आरोग्याची व्यवस्था कशी लावावी, याचे जे शिक्षण सैनिकास आपोआप मिळते, ते पुढे त्यांच्या उपयोगी पडले असले पाहिजे.

रणजितसिंहजी राष्ट्रसंघाच्या बैठकींसाठी स्वित्झर्लंडला जात असत. तेथे पोलंडचे विख्यात पियानोवादक व माजी पंतप्रधान पादेरेव्स्की यांचा सहवास तरुण दिग्विजयसिंहजींना घडला आणि पोलिश राष्ट्राविषयीची आपुलकी त्यांच्या मनात तेव्हापासूनच रुजली, असे सांगतात. २ एप्रिल १९३३ रोजी रणजितसिंहजी निवर्तले आणि नवानगरची गादी दिग्विजयसिंहजींकडे आली. चुलत्यांप्रमाणेच त्यांनाही क्रिकेटची आवड होती, इ. स. १९३७-३८ मध्ये ते भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. त्याच सुमारास संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळाचे प्रमुखपदही त्यांच्याकडे आले. अशा रीतीने राजवैभव, मानमरातब आणि अधिकार ही सर्व सुखे हात जोडून उभी असता, जगाच्या दुसऱ्या टोकाला एक भयंकर वादळ उठत होते.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून स्वारी केली. त्यानंतर सोळाच दिवसांनी, १७ सप्टेंबर रोजी, पूर्वेकडून सोव्हिएत रशियाच्या फौजा आत शिरल्या. दोन बलाढ्य शेजाऱ्यांनी तो देश वाटून घेतला. इ. स. १९४० व १९४१ या सालांत पूर्व पोलंडमधील लक्षावधी लोकांना त्यांच्या घरांतून उठवून मालगाड्यांत कोंडण्यात आले आणि सैबेरिया, कझाकस्तान अशा दूरच्या प्रदेशांत पाठविण्यात आले. बरोबर काय घ्यावे, हे ठरविण्यासही पुष्कळांना पुरता तासभर मिळाला नाही. तेथील कडाक्याची थंडी, उपासमार, कष्ट आणि साथीचे रोग यांनी असंख्य माणसे दगावली. कित्येक मुलांनी तेथेच आपले आईबाप गमावले.

पुढे जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा परिस्थिती पालटली. ३० जुलै १९४१ रोजी रशिया आणि लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार यांच्यात करार होऊन या बंदिवानांची मुक्तता झाली. पण मुक्तता झाली म्हणजे जावे कोठे? स्वतःच्या देशावर तर शत्रूचा अंमल होता. मग हे लोक उबदार दक्षिणेकडे, मध्य आशियाच्या दिशेने लोटले. अश्काबाद आणि समरकंद यांसारख्या शहरांतील पोलिश अनाथगृहे आईबापांविना उरलेल्या मुलांनी भरून गेली. इराणात पोहोचलेल्यांनाही तेथे कायमचे राहता येईना. कोणी पूर्व आफ्रिकेत, कोणी मेक्सिकोत, तर कोणी न्यूझीलंडात, अशी या लोकांची पांगापांग झाली. ज्या देशाला विचारावे, त्याच्यापुढे तेच तीन प्रश्न उभे राहत : यांना ठेवावयाचे कोठे, खर्च सोसावयाचा कोणी आणि हे परत जाणार केव्हा?

हिंदुस्थानातील इंग्रज सरकारपुढेही हेच प्रश्न होते. युद्धाने खजिन्यावर ताण पडला होता आणि जपानच्या आक्रमणामुळे ब्रह्मदेशातून पायी येणाऱ्या निर्वासितांची रीघ लागली होती. अशा वेळी जामसाहेबांनी पुढे होऊन आपल्या संस्थानात पोलिश मुलांसाठी जागा देऊ केली. आपल्या ओळखीतील इतर संस्थानिकांनीही मुलांच्या पालनपोषणाचा भार उचलावा, यासाठी त्यांनी खटपट केली आणि तिला यशही आले. राजेलोक, उद्योगपती व सामान्य नागरिक यांच्या देणग्यांतून मुलांसाठी निधी उभा राहिला.

अश्काबादहून निघालेली मुलांची पहिली तुकडी मालमोटारींतून इराणातील मशहद व झाहेदान या मार्गाने क्वेट्ट्याकडे आणि तेथून आगगाडीने एप्रिल १९४२ मध्ये मुंबईस आली. हा सारा प्रवास डोंगर आणि वाळवंट यांतून होता. प्रारंभी या मुलांना वांद्रे येथे ठेवण्यात आले. तोवर जामनगरपासून सुमारे २५ किलोमीटरांवर, समुद्रकाठच्या बालाचडी या गावी, जामसाहेबांच्या उन्हाळी निवासस्थानाच्या जवळच नवी छावणी बांधून होत होती. जुलै १९४२ मध्ये मुले तेथे राहावयास गेली.

छावणी म्हटली म्हणजे तंबू आणि चिखल यांचे चित्र डोळ्यांपुढे येते. बालाचडीची छावणी तशी नव्हती. तेथे लांबट बराकी बांधल्या होत्या आणि प्रत्येक मुलास स्वतःचे अंथरूण, स्वतःची खाट होती. ज्या मुलांनी दोन वर्षे मालगाड्यांत, मातीच्या झोपड्यांत आणि फलाटांवर रात्री काढल्या होत्या, त्यांना आपली म्हणून एक खाट मिळणे याचे मोल आपणांस सहज उमजणार नाही. छावणीत शाळा होती, दवाखाना होता, प्रार्थनामंदिर होते, खेळाचे मैदान होते. शिक्षण पोलिश भाषेतून चाले आणि पोलंडचे निशाण छावणीत फडकत असे. आपल्या राज्यात दुसऱ्या राष्ट्राचा ध्वज उभारू देणे ही गोष्ट साधी नाही. या मुलांना आपण आश्रय देत आहोत, त्यांची भाषा, धर्म आणि देश त्यांच्याकडून काढून घेत नाही, हे जामसाहेबांनी त्या एका कृतीने सर्वांना दाखवून दिले.

मुले प्रथम आली, तेव्हा जामसाहेबांनी त्यांस सांगितले की, आजपासून त्यांनी स्वतःला अनाथ समजू नये. ती आता नवानगरची मुले असून जामसाहेब त्यांचे बापू, म्हणजे वडील आहेत. हे शब्द समारंभापुरते नव्हते. ते वेळोवेळी छावणीत जात, मुलांची नाटके व नृत्ये पाहत, सणावारी त्यांच्यात बसत. एक आठवण ती मुले मोठेपणीही हसतहसत सांगत. भोजनात वारंवार येणारी पालकाची भाजी मुलांना मुळीच आवडत नसे व त्यांनी ती खाण्याचे नाकारून एक प्रकारचा संपच पुकारला. ही वार्ता जामसाहेबांच्या कानी गेली. आश्रितांनी पानात पडेल ते मुकाट्याने खावे, असे दुसरा एखादा दाता म्हणाला असता. जामसाहेबांनी मात्र आचाऱ्यांना ती भाजी न करण्याची आज्ञा दिली. गोष्ट लहान आहे, पण तिच्यातील मर्म मोठे आहे. नावडती भाजी नाकारण्याची मुभा मुलास आपल्या घरातच असते. धर्मशाळेत ती नसते.

बालाचडीचे उदाहरण घडल्यावर हिंदुस्थानात पोलिश निर्वासितांसाठी आणखी एक मोठी वसाहत उभी राहिली आणि ती आपल्या महाराष्ट्रात होती. इ. स. १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश लोक येऊन राहिले. त्यांत स्त्रिया, मुले व वृद्ध यांचाच भरणा होता, कारण धडधाकट पुरुष सैन्यात गेले होते. बांबूच्या चटयांच्या भिंती आणि वर कौले, अशा बराकींत कुटुंबवार खोल्या पाडल्या होत्या. शाळा, इस्पितळ, चर्च, टपाल कचेरी, नाट्यगृह अशा सर्व सोयींमुळे ते एक लहानसे पोलिश गावच बनले होते. कोल्हापूरच्या बाजारात भाजी घ्यावयास येणाऱ्या पोलिश बायका आणि मराठी दुकानदार यांचा व्यवहार मोडक्यातोडक्या शब्दांत व खुणांनी चाले. ज्यांची भाषा ठाऊक नाही, रीतीभाती ठाऊक नाहीत, अशा माणसांना करवीरच्या प्रजेने सुमारे पाच वर्षे शेजार दिला, ही गोष्ट आपल्या इतिहासात अभिमानाने नोंदविण्यासारखी आहे.

इ. स. १९४५ मध्ये युद्ध संपले. आता निर्वासित आनंदाने मायदेशी परततील, असे सर्वांस वाटले असावे. परंतु त्यांच्या अडचणींचा खरा कठीण भाग येथूनच सुरू झाला. पूर्व पोलंडमधील ज्या गावांतून त्यांना हाकलले होते, ती गावे आता सोव्हिएत रशियाच्या सरहद्दीत गेली होती. घर होते, पण ते ज्या देशात होते तो देश तेथून सरकला होता! त्यातच जुलै १९४५ मध्ये इंग्लंडने पोलंडमधील नव्या साम्यवादी सरकारास मान्यता दिली व लंडनमधील जुन्या सरकारची मान्यता काढून घेतली. त्यामुळे या लोकांच्या मागे उभे असलेले सरकारच नाहीसे झाले. अनाथ मुलांना नव्या सरकारच्या हवाली करावे, अशी मागणी होऊ लागली. मुलांना मात्र ज्यांनी आपल्या आईबापांची वाताहत केली त्यांच्याच छायेत परत जाण्याचे भय वाटत होते.

या प्रसंगी जामसाहेबांनी जे केले, ते बराकी बांधण्याहूनही महत्त्वाचे होय. छावणीचे प्रमुख फादर प्लुटा आणि एक ब्रिटिश अधिकारी यांच्यासह त्यांनी या अनाथ मुलांचे कायदेशीर पालकत्व स्वीकारले. ज्या मुलाला कायद्याने पालक आहे, त्यास अनाथ म्हणून परस्पर कोणाच्या स्वाधीन करता येत नाही. भिंती आणि छप्पर यांनी ऊनपाऊस थांबतो. परंतु उद्या सकाळी येथून आपणांस कोणी उठवील ही धास्ती थांबविण्यास कागदावरील हक्कच लागतो. जामसाहेबांनी तो हक्क आपल्या नावाच्या बळावर त्या मुलांना मिळवून दिला.

इ. स. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद होऊन तेथील उरलेली मुले वळिवडे येथे गेली आणि इ. स. १९४८ मध्ये तीही वसाहत उठली. कोणी पोलंडला परतले, कोणी इंग्लंडला, कोणी अमेरिकेस, तर कोणी पूर्व आफ्रिकेतील दुसऱ्या छावण्यांत गेले. दयाळू यजमान भेटूनही या लोकांना एकाच ठिकाणी दीर्घकाळ स्थिर राहता आले नाही, हे सत्य आपण झाकून ठेवू नये. किती वेळा सामान बांधावे लागले आणि किती वेळा नव्या खोलीत दिवा लावावा लागला, याचा हिशेब त्या मुलांनाच ठाऊक. पण बालाचडीची चार वर्षे त्यांच्या आयुष्यात अशी आली, की जेव्हा त्यांना उद्याची चिंता न करता शिकता, खेळता आणि वाढता आले. पुढे त्यांतूनच शिक्षक, डॉक्टर, अभियंते निपजले.

वळिवड्याच्या त्या बराकी मात्र फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी कुटुंबांना तेथे बसविण्यात आले. गांधीनगर या नावाने ओळखली जाणारी ती वस्ती आज कापडाच्या मोठ्या व्यापारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. एका निर्वासितांच्या घरट्यात दुसरे निर्वासित आले; फरक इतकाच, की पोलिश लोकांस ती जागा मुदतीपुरती मिळाली होती आणि सिंधी बांधवांस ती आपल्या देशाचे नागरिक म्हणून कायमची मिळाली. कायमची जागा मिळताच माणूस हात पसरण्याऐवजी दुकान मांडतो, शाळा काढतो आणि दुसऱ्यास काम देतो, याचे गांधीनगर हे जिवंत उदाहरण आहे.

जामसाहेबांचे पुढील आयुष्यही लोकसेवेत गेले. देश स्वतंत्र होताच त्यांनी आपले संस्थान भारतात सामील केले. इ. स. १९४८ मध्ये काठेवाडातील संस्थानांचा मिळून सौराष्ट्र संघ स्थापन झाला, तेव्हा त्याचे राजप्रमुखपद त्यांच्याकडे आले व इ. स. १९५६ मध्ये सौराष्ट्र मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत त्यांनी ते सांभाळले. सोमनाथ मंदिराच्या पुनर्निर्माणात त्यांचा मोठा वाटा होता. संयुक्त राष्ट्रसंघातही भारताच्या शिष्टमंडळाचे सदस्य म्हणून त्यांनी काम केले. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

पोलंड देश त्यांना विसरला नाही. तेथील साम्यवादी राजवट संपल्यावर त्यांचे नाव राजधानी वॉर्सा येथील एका विद्यालयास देण्यात आले. तेथील एका चौकास भल्या महाराजांचा चौक असे नाव असून त्यात त्यांचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातील या स्मारकास व कोल्हापूरच्या स्मृतीस वाहिलेल्या स्मारकासही भेट दिली. बालाचडी येथे जेथे ती मुले राहत, त्या परिसरात आज सैनिक शाळा आहे. ज्या भूमीवर परदेशी मुले निर्धास्तपणे धडे गिरवीत, तेथे आता आपल्या देशाची मुले धडे गिरवितात.

विद्यार्थिमित्रांनो, परागंदा माणसांचा प्रश्न त्या युद्धाबरोबर संपलेला नाही. इ. स. १९५१ मध्ये जिनिव्हा येथे निर्वासितांविषयी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याचे २१ वे कलम खास घराविषयीच आहे. तरीही इ. स. २०२४ च्या अखेरीस युद्ध, छळ व हिंसा यांमुळे घर सोडावे लागलेल्या लोकांची जगातील संख्या १२ कोटींच्या वर गेली होती. त्यांतील कित्येकांस वर्षानुवर्षे तंबूंत राहावे लागते. शहरात भाड्याची खोली घ्यावी, तर घरमालक ओळखपत्र मागतो; ओळखपत्र मिळवावे, तर कचेरीत राहण्याचा पत्ता मागतात. पत्त्यावाचून कागद नाही आणि कागदावाचून पत्ता नाही, अशा फेऱ्यात ती माणसे सापडतात.

आपण कोणी संस्थानिक नाही आणि हजार मुलांची छावणी उभारणे आपल्या आवाक्यात नाही. परंतु आपल्या नरोली-सिल्वासा भागात कारखान्यांतील कामासाठी दूरदूरच्या प्रांतांतून कुटुंबे येतात. ती परदेशी निर्वासित नव्हेत, आपलेच देशबांधव आहेत. तरी नव्या गावात खोली शोधताना त्यांनाही संशयाच्या नजरा सोसाव्या लागतात. त्यांची मुले कदाचित आपल्याच वर्गात, आपल्याच बाकावर बसतील. त्यांची भाषा वेगळी असेल, डब्यातील भाजीही वेगळी असेल. त्यांना शेजारी सरकून जागा करून देणे, एवढे तर आपणां सर्वांस करता येईल. जामसाहेबांनी त्या मुलांना प्रथम आपले म्हटले आणि मग त्यांच्यासाठी छप्पर उभारले. हा क्रम आपण ध्यानात ठेवला, तर त्या थोर पुरुषाचे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.